कोपऱ्यातलं मशीन

रात्रीचे नऊ वीस. वेळ इतकी नेमकी लक्षात आहे, कारण पुढच्या आठवड्यात ती मी चार ठिकाणी लिहिली. इन्सिडंट रजिस्टरमध्ये, अपघाताच्या फॉर्मवर, तपासणीच्या चिठ्ठीवर आणि एचआरच्या साहेबांना पाठवलेल्या मेलमध्ये. त्या मेलचं उत्तर नवव्या दिवशी आलं.

पेशंटची वापरलेली सुई मला कशी टोचली हे सांगताना पहिले काही दिवस मी थोडं खोटं बोलत होते. "पेशंटनं हात हलवला" असं सांगायचे. त्या पेशंटला, तात्यांना, क्रॅम्प आला होता हे खरं, पण तेव्हा सुई माझ्या हातात नव्हतीच. ती ट्रेमध्ये होती, आणि ट्रेमध्ये ती मीच ठेवली होती.

मी मिरजेत डायलिसिस टेक्निशियन आहे, अकरा वर्षं झाली. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. वॉन्लेस साहेबांनी १८९४ मध्ये इथं हॉस्पिटल उभं केलं तेव्हापासून जत, अथणी, विजापूरकडची माणसं दुखणं घेऊन मिरजेलाच येतात. स्टेशनवर उतरलेल्या माणसाला रिक्षावाला "कुठं जायचंय" विचारत नाही, "कुठल्या डॉक्टरकडं" विचारतो. आमच्या युनिटमध्ये बारा मशीन, तीन शिफ्ट. खिडकीकडच्या चार मशीनवरून चिंचेचं झाड दिसतं आणि त्या जागांसाठी पेशंट लोकांत एसटीतल्या सीटसारखी रुसवाफुगवी चालते. बारावं मशीन स्टोअररूमच्या दाराशी, कोपऱ्यात. ते हिपॅटायटिस सीवाल्यांचं, म्हणजे रक्तातून लागणारा तो लिव्हरचा विषाणू असणाऱ्यांचं. शेवटच्या शिफ्टला, सगळ्यांचं आटोपल्यावर.

तात्या त्या कोपऱ्यात सात वर्षं. तासगावकडचे द्राक्षबागायतदार, साठीच्या आसपासचे, सोमवार-गुरुवार ठरलेले. त्यांच्या फाइलवर लाल स्टिकर. त्यांना सी कधी झाला, कुठं झाला, कुणालाच सांगता येत नाही. आधी दोन ठिकाणी डायलिसिस झालेलं, मध्ये रक्ताच्या पिशव्या चढलेल्या. आमच्याकडे आले तेच स्टिकर घेऊन.

आता त्या नऊ वीसचं. डायलिसिस संपलं की मशीनमधलं रक्त परत द्यायचं आणि मग हातातल्या फिस्टुलातल्या, म्हणजे ऑपरेशन करून धमनीला जोडलेल्या शिरेतल्या, दोन सुया काढायच्या. या सुया १६ गेजच्या. इंजेक्शनच्या सुईशेजारी ठेवली तर दाभणच वाटावी अशी, आतून पोकळ, मागे प्लास्टिकचे दोन पंख. काढलेली सुई हातातून थेट शार्प्सच्या पांढऱ्या डब्यात गेली पाहिजे, मध्ये कुठंही टेकवायची नाही. हे मी स्वतः नवीन मुलांना शिकवते. पण डबा पाऊण भरला की बदलायचा असतो, आणि त्या रात्री तो गळ्यापर्यंत भरून वर दोन सुयांचे पंख डोकावत होते. नवा डबा स्टोअरमध्ये, आणि स्टोअरला आठ वाजता कुलूप लागतं. त्या डब्यात आणखी एक सुई कोंबणं मला धोक्याचं वाटलं. म्हणून ती ट्रेमध्ये ठेवली. आत्ता टाकते, म्हणून.

तेवढ्यात तात्यांच्या पोटरीत गोळा आला. "आई गं" करून ते अर्धे उठले. उजव्या हाताने मी त्यांची जागा दाबून धरलेली, रक्त गॉजमधून वर यायला लागलं, म्हणून डाव्या हाताने न बघता ट्रेमधला दुसरा गॉज घ्यायला गेले.

मुंगी चावावी तेवढंच. ग्लोव्हच्या आत तर्जनीच्या टोकाला मोहरीएवढा लाल ठिपका, आणि बघता बघता त्याची मसूर झाली.

मी ओरडले नाही. मी काय केलं असेल, तर ते बोट तोंडाकडे नेलं. चौथीतल्या पोरीसारखं. मास्क होता म्हणून थांबले. मग दुसऱ्या हाताने ते पिळायला लागले, तशी काउंटरवरून इन्चार्ज सिस्टर ओरडल्या, "दाबू नको! धू आधी!" ब्रदरने, म्हणजे आमच्या पुरुष नर्सने, येऊन तात्यांचा हात धरला आणि मी बेसिनवर गेले. साबण, वाहतं पाणी, बस. पिळायचं नाही, चोखायचं नाही, स्पिरिट-डेटॉल ओतायचं नाही. पिळल्याने विष बाहेर येतं ही समजूत साप चावल्याच्या गोष्टींतून आली असावी. पाण्याखाली बोट धरून मी घड्याळ बघितलं.

मागून तात्यांचा आवाज आला. "काय झालं वं ताई?"

"काही नाही."

"टोचली न्हवं?"

सात वर्षं ते स्टिकर घेऊन फिरणाऱ्या माणसाला हे सांगायला लागत नाही.

ड्युटीवरचे डॉक्टर वयाने माझ्याहून लहान, पण त्यांनी एक गोष्ट चांगली केली. घाबरू नका, असं म्हणाले नाहीत. कागद घेतला आणि एकेक प्रश्न निकालात काढायला लागले. पहिला एचआयव्ही. तात्यांची परवानगी घेतली, त्यांनी "घ्या की, किती पायजे तेवडं रगत घ्या" म्हणून दुसरा हात पुढे केला. अर्ध्या तासात ट्रायडॉट, म्हणजे एचआयव्हीची झटपट टेस्ट, निगेटिव्ह. पॉझिटिव्ह असता तर मला गोळ्या लगेच सुरू कराव्या लागल्या असत्या, जमलं तर दोन तासांच्या आत, फार तर ७२ तासांत, आणि पुढे २८ दिवस. दुसरा हिपॅटायटिस बी. तात्या निगेटिव्ह, शिवाय माझे कॉलेजातच लशीचे तीन डोस झालेले. टायटर, म्हणजे लशीने किती संरक्षण तयार झालं ते मोजणं, मात्र कधी केलं नव्हतं. ते नंतर २१२ आलं, दहाच्या वर असलं की पुरतं.

उरला तिसरा.

"याला लस नाही," डॉक्टर म्हणाले. "टोचल्यावर घ्यायची गोळीही नाही."

"मग काय करायचं?"

"तपासत राहायचं."

आम्ही सगळे आयुष्यभर एचआयव्हीला घाबरत आलो. पण एचआयव्हीच्या बाबतीत निदान रात्री धावपळ करता येते, गोळी गिळता येते, उलटी झाली तर तिला शिव्या देता येतात. इथं काहीच करायचं नव्हतं. मी ग्लोव्ह घातले आणि तात्यांच्या दुसऱ्या जागेवर पट्टी लावली, कारण ती लावायची राहिली होती.

डॉक्टरांनी आकडा सांगितला तोही इथंच सांगते, कारण नंतर त्याने मला फार छळलं. जुन्या पुस्तकांत अशा टोचण्यातून सी लागण्याचा धोका १.८ टक्के दिलेला असतो. अलीकडच्या पाहण्यांत तो ०.२ टक्क्यांवर आलाय, म्हणजे हजारात दोन. ऐकायला किती छान. पण रात्री अडीच वाजता माझं डोकं वेगळाच हिशेब करायचं. मी दिवसाला बारा सुया काढते, म्हणजे तीन महिन्यांत हजार होतात, म्हणजे त्यातल्या दोन माझ्या. हा हिशेब साफ चुकीचा आहे. तो आकडा टोचलेल्या हजार माणसांचा आहे, काढलेल्या सुयांचा नाही, हे सकाळी चहा पिताना मला नीट कळायचं. अडीचला कळायचं नाही. शिवाय माझी सुई पोकळ, जाड आणि रक्ताने भरलेली होती.

दुसऱ्या दिवशी माझं स्वतःचं रक्त घेतलं. याला बेसलाइन म्हणतात, ४८ तासांच्या आत करायची. अँटी-एचसीव्ही, म्हणजे सीच्या अँटिबॉडीची टेस्ट, निगेटिव्ह; लिव्हरची एसजीपीटी २४, नॉर्मल. घरी सासूबाईंच्या कानावर घातलंच होतं, त्यांनी "निगेटिव्ह आला की गं!" म्हणत देवापुढे साखर ठेवली. आता त्यांना कसं सांगायचं? हा रिपोर्ट टोचण्याआधीच्या माझा होता. सुई लागली त्या क्षणापर्यंत मी स्वच्छ होते, एवढंच तो कागद सांगत होता. उद्या काही निघालंच तर ते इथूनच आलं, हे दाखवायला लागणारा पुरावा. मी त्यांना म्हटलं, "आई, हा कालचा पेपर आहे. आजची बातमी महिन्याने येणार." त्यांनी साखर उचलली नाही, पण सांगलीच्या गणपतीला काहीतरी बोलून ठेवलं. काय ते अजून सांगितलेलं नाही.

तपासण्यांच्या तारखांमागचं गणित मला अकरा वर्षांत असं कधी समजून घ्यावं लागलं नव्हतं. विषाणू शिरला तर तो स्वतः रक्तात एक-दोन आठवड्यांत सापडू शकतो. पण त्याच्याविरुद्धची अँटिबॉडी तयार व्हायला साधारण आठ ते अकरा आठवडे जातात, कधी जास्तही. आपली नेहमीची स्वस्त टेस्ट ही अँटिबॉडीची. म्हणजे महिन्याने ती केली आणि निगेटिव्ह आली, तरी तिचा अर्थ शून्य. म्हणून तीन ते सहा आठवड्यांच्या दरम्यान विषाणूचीच टेस्ट करायची, एचसीव्ही आरएनए, आणि चार ते सहा महिन्यांनी शेवटची अँटिबॉडी. माझ्या ओळखीच्या एका नर्सने टोचल्यावर पंधरा दिवसांनी साधी टेस्ट केली, निगेटिव्ह बघून विषय सोडून दिला. तिचं पुढे काही झालं नाही, पण ते नशीब.

घरात काय पाळायचं, तर जवळजवळ काहीच नाही. हा जेवणातून, भांड्यातून, शिंकेतून, मिठीतून लागत नाही. रक्तातून लागतो. ब्रश, नेलकटर, ब्लेड आपापलं ठेवायचं आणि रक्तदान करायचं नाही. मी हे दर महिन्याला पेशंटच्या बायकांना सांगते. तरी तिसऱ्या दिवशी मी माझा चहाचा कप वेगळा, खिडकीत ठेवायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं. चार वर्षांच्या लेकीने माझ्या ताटातला घास घेतला की पोटात गोळा यायचा. नवऱ्याने दोन दिवस तो कप बघितला, तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर तो माझ्या कपात चहा पीत बसलेला. कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर काम करणारा माणूस, फार बोलत नाही. "माझ्या कपाचा कान तुटलाय," म्हणाला. तुटलेला नव्हता.

युनिटमध्ये मात्र वेगळंच चाललं होतं. कोण काय बोललं असं नाही. डबा उघडून जेवायला बसलो की माझ्या भाजीत कुणी चमचा घालत नव्हतं. सी कसा पसरतो हे पाठ असलेल्या पाच जणी. मला राग आला, मग आठवलं की तात्यांच्या घरून येणारे बेदाणे आम्ही वर्षानुवर्षं "नंतर खाऊ" म्हणून कपाटात ठेवत आलो, आणि दिवाळीला मावशींना देऊन टाकत आलो. बेदाणे! बंद पिशवीतले!

मावशींचं सांगते. आमच्याकडे सफाईला ज्या मावशी आहेत त्या कंत्राटी. मी फॉर्म भरत होते तेव्हा त्या शेजारी उभ्या राहून वाचल्यासारखं करत होत्या. मग म्हणाल्या, "एवढं लिवायला लागतं व्हय? मला तर धाबारा येळा टोचलं आसंल." पिशव्या बांधताना. लाल पिशवीत टाकायच्या नळ्यांबरोबर कुणीतरी सुई तशीच टाकतं, ती त्यांच्या हाताला लागते. कधी सांगितलं नाही? "कुणाला सांगायचं? कामावरनं काडत्यात." लस? कसली लस?

जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत स्वच्छ लिहिलंय की हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची. प्रत्येकाला, म्हणजे कंत्राटदाराच्या माणसालाही. भिंतीवर त्या नियमांचा रंगीत तक्ता आहे, पिवळी पिशवी, लाल पिशवी, निळा खोका, पांढरा डबा. मावशी रोज तो ओल्या फडक्याने पुसतात. माझ्या फॉर्मवर "पुन्हा घडू नये म्हणून उपाय" असा रकाना होता, त्यात सगळे "अधिक काळजी घेईन" लिहितात. मी तिथं तीन ओळी लिहिल्या. स्टोअरची एक किल्ली रात्रीच्या शिफ्टला. डबा पाऊण भरला की बदलणार. मावशींसह चौघींची लस. इन्चार्ज सिस्टरनी वाचलं, चष्मा काढला, म्हणाल्या, "तुला काय बदली पाहिजे का?" आणि खाली सही केली.

किल्ली आठवड्यात आली. लशीला दोन महिने लागले. खालून वर मेल, वरून खाली मेल, कंत्राटदार म्हणतो हॉस्पिटलने द्यावी, हॉस्पिटल म्हणतं कंत्राटदाराने. मावशींना पहिला डोस दिला त्या दिवशी त्या विचारत होत्या, "हे कशाचं, कोरोनाचं का?"

आणि तात्या. टोचणी झाली की ज्याचं रक्त त्याचीही नीट तपासणी करायची असते, नुसतं स्टिकर बघून चालत नाही. कारण अँटिबॉडी पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू आहेच असं नव्हे. काहींचं शरीर तो आपलं आपण घालवतं, साधारण चारातल्या एकाचं, आणि अँटिबॉडी मात्र रक्तात राहते. सात वर्षांत तात्यांचा आरएनए कुणी केलाच नव्हता. आम्हीही नाही. दर काही महिन्यांनी तीच अँटिबॉडी टेस्ट, तीच "रिॲक्टिव्ह", तोच कोपरा. माझ्या बोटात सुई गेली नसती तर अजूनही केला नसता.

रक्तातल्या विषाणूंचा आकडा आला अकरा लाखांच्या वर. माझ्यासाठी वाईट बातमी. पण त्या कागदावर बघत आमचे नेफ्रॉलॉजिस्ट, किडनीचे डॉक्टर, म्हणाले, "यांना औषध का दिलं नाही कुणी?" तात्या म्हणाले, मागं विचारलं होतं, तर किडनीवाल्याला ते सोसत नाही म्हणाले. ते खरंही होतं, पण इंटरफेरॉनच्या काळातलं. ती इंजेक्शनं धडधाकट माणसालाही झोपवायची. आता रोज एक गोळी, सोफोसबुविर आणि वेल्पाटासविर एकत्र, बारा आठवडे, डायलिसिसवरच्या माणसालाही चालते, आणि शंभरातले पंचाण्णवहून जास्त बरे होतात. सरकारच्या २८ जुलै २०१८ पासूनच्या हिपॅटायटिस कार्यक्रमात तपासणीही फुकट, औषधही फुकट. सात वर्षांतली बरीच वर्षं हे औषध सरकारी दवाखान्यात होतं आणि तात्या आमच्या स्टोअररूमच्या दाराशी होते. मला हे लिहिताना अजून लाज वाटते. मीही दर सोमवार-गुरुवार तिथंच होते की.

सप्टेंबरमध्ये त्यांची गोळी सुरू झाली. तोवर ते दर खेपेला वजनकाट्यावर चढायच्या आधी मला विचारायचे, "ताई, रिपोट?" मी म्हणायचे, "अजून वेळ आहे." एकदा त्यांच्या कारभारणीने नारळ आणि खणाची ओटी पाठवली. ती बघून मात्र मी स्टोअररूममध्ये जाऊन रडले. त्यांना वाटत होतं त्यांनी मला काहीतरी केलंय.

माझे चार आठवडे जुलैत सुरू झाले ते ऑगस्टमध्ये संपले. रोज सकाळी आरशात डोळ्यांचा पांढरा भाग बघायचा. हळदीच्या जिल्ह्यात राहून पिवळं शोधायचं म्हणजे कठीणच काम, ट्यूबलाइटखाली सगळंच पिवळट दिसतं. शिवाय त्याचा उपयोग नाही हेही माहीत होतं. सीची नवी लागण झालेल्या बहुतेकांना काहीच होत नाही, ना कावीळ ना ताप. म्हणूनच तो वीस-वीस वर्षं लिव्हर कुरतडत बसतो. शेजारच्या काकूंनी एका गावचा कावीळ उतरवणारा सुचवला, गळ्यात माळ घालतो, माळ लांबत जाते तशी कावीळ उतरते. मी म्हटलं, मला कावीळ नाहीये काकू. "मग आत्ताच घालून घे," म्हणाल्या.

आरएनएसाठी मी मिरजेत रक्त दिलं नाही. मिरजेत प्रत्येक लॅबमध्ये कुणी ना कुणी माझ्या बॅचचं आहे. सांगलीत विश्रामबागला गेले. तो आठवडा पुराच्या धास्तीचा होता. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाशी चढत होतं आणि सांगलीत ज्याला त्याला एकच प्रश्न, "किती फूट?" चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, हे इथल्या पोरासोरांना पाढ्यासारखं पाठ. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. माझं माहेर सांगलीवाडीत, त्या वर्षी खालचा मजला पूर्ण बुडाला होता. त्यामुळे या वेळी आई-अण्णा आधीच पत्र्याची ट्रंक घेऊन आमच्याकडे मिरजेला आलेले. त्यांना सुईचं काही सांगितलेलं नव्हतं. आई म्हणाली, "एवढ्या पावसात सांगलीला कशाला?" मी म्हटलं, मीटिंग आहे.

लॅबमधला पोरगा बावीस-तेवीसचा. रक्त घेतलं छान, पण घेतल्यावर सुईची टोपी दोन्ही हातांनी लावायला निघाला. "अरे थांब थांब!" मी जवळजवळ त्याचा हातच धरला. "टोपी नाही लावायची! तशीच टाक!" तो हसला, "मॅडम, सवय आहे." मग माझ्या तोंडाकडे नीट बघून, "तुम्ही डायलिसिसला ना? आमच्या आजोबांना तुम्हीच लावायचा." एवढं सांगलीपर्यंत लपत आले ते फुकट. पैसे साडेतीन हजार गेले. नियमाने ते कंपनीने भरायचे. आमचं युनिट कंत्राटावर चालतं, त्यामुळे बिल कुणाच्या नावाने काढायचं यावरच पाच महिने गेले. शेवटी मिळाले, तीनशे कापून. तीनशे कसले ते विचारायला मेल केला नाही.

रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आला तेव्हा मी मशीन प्राइम करत होते, म्हणजे पुढच्या पेशंटसाठी नळ्या सलाइनने भरत होते. हात ओले. पीडीएफ उघडेना. ब्रदरने त्याच्या अंगठ्याने मोठं करून दाखवलं. "टार्गेट नॉट डिटेक्टेड." विषाणू सापडला नाही. त्या दिवशी पाणी एकोणचाळीस फुटांवर थांबून उतरायला लागलं होतं, आणि रात्री आई म्हणाली, "उतरलं बाई!" मी म्हटलं, "हो, उतरलं." आम्ही दोघी वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होतो.

यापुढचं लवकर सांगते, कारण पुढचे महिने खरंच लवकर गेले. डॉक्टरांनी सांगितलं, मोठं संकट गेलं समजा, तरी शेवटची टेस्ट चुकवू नका. गणपतीत आमच्या गल्लीच्या मंडळाचं रक्तदान शिबिर असतं, मी दरवर्षी देते. या वर्षी नाही म्हटलं. कारण सांगितलं नाही, तर "बातमी आहे का?" म्हणून तीन जणींनी पोटाकडे बघितलं. जानेवारीत, बरोबर सहा महिन्यांनी, अँटी-एचसीव्ही निगेटिव्ह. या वेळी मिरजेतच, माझ्याच बॅचच्या मुलीकडे. सासूबाई नवस फेडायला गेल्या. मावशींचा बीचा तिसरा डोस मात्र अजून दोन महिने लांब होता, तारीख मी माझ्याच मोबाइलवर लावून ठेवली होती.

तात्यांचा रिपोर्ट माझ्यानंतर. औषध संपल्यावर बारा आठवडे थांबून आरएनए करायचा, तेव्हा निगेटिव्ह आला तर बरा म्हणायचं. तो मार्चमध्ये आला. निगेटिव्ह. द्राक्षाचा हंगाम भरात होता. तात्यांनी पेटी आणली, सोनाका, मणी बोटाएवढे लांब. ते स्वतः खात नाहीत. डायलिसिसवाल्याला पोटॅशियम जपून घ्यावं लागतं, दोन एकर बाग असून माणूस सात वर्षं हात लावत नाही. आम्ही पेटी तिथंच काउंटरवर फोडली आणि सगळ्यांनी खाल्ली. तात्या बघत होते. मग म्हणाले, "दोन मणी चालत्याल का?" मी म्हटलं, दोन. त्यांनी तीन घेतले.

एप्रिलमध्ये नवीन मुलगी लागली. हुशार आहे. तात्यांची ठरलेली तपासणी आली तशी फाइल घेऊन माझ्याकडे धावत आली, "मॅडम, यांचं अँटी-एचसीव्ही रिॲक्टिव्ह आहे, आणि कुणीतरी स्टिकर काढलंय!" तिला सांगितलं, ते आता कायम रिॲक्टिव्हच येणार, बरा झाला तरी अँटिबॉडी जात नाही, आरएनए बघ. फाइलच्या आतल्या पानावर मोठ्या अक्षरांत तारखेसकट लिहिलं. तिने ते वाचलं, पुन्हा रिपोर्ट बघितला, पुन्हा पान बघितलं.

"मग यांना कुठल्या मशीनवर घेऊ?"

तात्या वजनकाट्यावर उभे होते, काट्याकडे बघायचं सोडून आमच्याकडे बघत.

"तिसऱ्या," मी म्हटलं. "खिडकीजवळच्या."

"शिफ्ट?"

"त्यांना विचार."

तात्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "सकाळची मिळंल का?" म्हणाले. "बागंत औषध मारायचं असतंय दुपारनं."

सकाळची शिफ्ट भरलेली होती. दुपारची दिली. त्यावरून ते आठवडाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत.